अंगठ्याची पोच आणि बोटावरची शाई

गुरुवार, १५ जानेवारी २०२६. आदल्याच दिवशी संक्रांत झाली होती आणि तिळगुळाचा डबा अजून बैठकीतच होता. पुणे महानगरपालिकेच्या निवडणुकीचे मतदान असल्याने आम्ही मार्केट यार्डातील गाळा बंद ठेवला होता. सकाळी साडेसातला मतदान सुरू झाले आणि आठच्या आत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर शाई लावलेल्या बोटांची छायाचित्रे येऊ लागली. पहिले छायाचित्र अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मातोश्रींचे होते. त्यावर अभिनंदनाचा पाऊस पडला.

हा सगळा उत्साह आमच्या धाकट्या सूनबाईंनी निर्माण केलेला. आठ दिवस त्या रोज एक संदेश पाठवत होत्या. मतदानाला जाताना कोणते ओळखपत्र चालते, चार सदस्यांच्या प्रभागात चार मते कशी द्यायची, घरातल्या कोणी किती वाजता निघायचे, हे सारे त्यांनी लिहून काढले होते. त्यांचे संदेश आमच्या घरातून मावशीच्या घरी, तिथून व्याह्यांकडे, तिथून कोणकोणत्या गटांवर पोहोचले याची गणती नाही.

साडेदहाच्या सुमारास सूनबाई मतदान केंद्रावर गेल्या आणि अर्ध्या तासात परतल्या. चेहरा उतरलेला होता. मी विचारले, तर एवढेच म्हणाल्या, “पप्पाजी, माझे नाव अजून माहेरच्याच यादीत आहे.”

चार वर्षांपूर्वी त्या अहिल्यानगरहून लग्न होऊन पुण्यात आल्या. चार वर्षांत आधारकार्डावरचा पत्ता बदलला, बँकेचे खाते बदलले, फर्ममध्ये त्या भागीदारही झाल्या. मतदार यादीतले नाव मात्र जिथल्या तिथे राहिले. शेकडो लोकांना मतदानाची आठवण करून देणाऱ्या मुलीला स्वतःला मत देता आले नाही. गटावर त्या वेळी बोटावरची शाई पुसली जाते की नाही, यावर वाद रंगला होता. तसे व्हिडिओ सकाळपासून फिरत होते. दोन तास तो वाद चालला. ज्या बोटाला शाई लागलीच नाही, त्याविषयी कोणी एक शब्द लिहिला नाही. सूनबाईंनीही लिहिला नाही.

या प्रसंगात मला आमच्या घराचाच दोष दिसला. जीएसटीचे विवरणपत्र महिन्याच्या वीस तारखेला भरायचे, हे आमच्या घरात लहान मुलालाही ठाऊक आहे. ती तारीख चार वर्षांत एकदाही चुकली नाही. घरातल्या एका माणसाचे नाव यादीत आणण्याची तारीख मात्र आम्हाला कोणालाच आठवली नाही, मलासुद्धा नाही.

समाजमाध्यमांनी राजकारणातील आपला सहभाग वाढवला की कमी केला, हा प्रश्न हल्ली सर्वत्र चर्चिला जातो. त्या दिवसापासून मी या प्रश्नाकडे पुण्याच्या अनुभवातून पाहू लागलो. जे उत्तर मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

नगरसेवक नसलेली चार वर्षे

पुण्यात महापालिकेची याआधीची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाली होती. त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून कारभार प्रशासकांकडे गेला. म्हणजे जवळजवळ चार वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता. गटार तुंबले, दिवा बंद पडला, पाणी आले नाही, तर ज्याच्या घरी जाऊन कडी वाजवावी असा माणूस उरला नाही.

त्या काळात पुणेकरांनी मोबाइलचा आधार घेतला. खड्ड्याचे छायाचित्र काढायचे, महापालिकेच्या खात्याचा उल्लेख करून ते समाजमाध्यमावर टाकायचे आणि वाट पाहायची, ही रीतच पडली. वेताळ टेकडीवरील प्रस्तावित रस्त्याला आणि नदीकाठच्या झाडांच्या तोडीला २०२३ मध्ये जो विरोध झाला, त्यातही संदेशांचा वाटा मोठा होता. एरवी सकाळी फिरायला जाणारी, एकमेकांची नावेही ठाऊक नसलेली माणसे एका ठिकाणी जमली आणि रस्त्यावरून चालली. हे बळ समाजमाध्यमांचेच होते, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी अशी माणसे एकत्र आणायला पत्रके छापावी लागत, मंडप घालावा लागे, कोणातरी पुढाऱ्याचा हात धरावा लागे.

व्यापारी वर्गाला हे विशेष कळेल. १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन पुण्यात एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, लागू झाला, तेव्हाची आठवण काढावी. राज्यभर बाजारपेठा बंद राहिल्या. त्या वेळी आजच्यासारखे गट नव्हते. निरोप संघटनेच्या परिपत्रकाने, दूरध्वनीने आणि दुकानोदुकानी फिरणाऱ्या कार्यकर्त्यांकडून येई. पुढे एलबीटी रद्द करण्याचे आश्वासन २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात दिले गेले आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला पन्नास कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांसाठी तो कर हटला. बंदने प्रश्न सर्वांच्या कानावर गेला. पण निर्णय व्हायला दोन वर्षे निवेदने द्यावी लागली, बैठकांना बसावे लागले, आणि मतपेटीचा धाक असावा लागला.

आज हीच हाक काही मिनिटांत सर्वांपर्यंत पोहोचते. मात्र हाक पोहोचली म्हणून पुढची दोन वर्षांची वाट कमी होत नाही. अडचण इथेच आहे.

दोन शब्दांचा प्रश्न आणि निम्मे मतदार

फेब्रुवारी २०२३ मधील कसबा पेठेची पोटनिवडणूक वाचकांना आठवत असेल. रविवार पेठ, बुधवार पेठ, लक्ष्मी रस्त्याचा बराचसा भाग अशी आपल्या व्यापाराची जुनी घरटी त्या मतदारसंघात येतात. प्रचारात ‘हू इज धंगेकर?’ असा प्रश्न विचारला गेला आणि हे दोन-तीन शब्द शहरभर मोबाइलमधून फिरले. त्यावर गाणी झाली, व्यंगचित्रे झाली, चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना तोच प्रश्न विचारू लागले. रवींद्र धंगेकर दहा हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच मतदारसंघात निकाल फिरला आणि हेमंत रासने विजयी झाले. लोकशाहीत असे चालायचेच.

मला लक्ष वेधायचे आहे ते दुसऱ्याच आकड्याकडे. साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी असलेल्या त्या निवडणुकीत मतदान झाले सुमारे पन्नास टक्के. ज्या प्रश्नाने कसब्यातला प्रत्येक मोबाइल वाजला, त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला निम्मेच मतदार केंद्रावर गेले. पुणे लोकसभा मतदारसंघाचेही तसेच आहे. २०१४ मध्ये तिथे सुमारे ५४ टक्के मतदान झाले, २०१९ मध्ये ते पन्नासच्या किंचित खाली गेले आणि १३ मे २०२४ रोजी पुन्हा ५३ टक्क्यांच्या पुढे आले. या दहा वर्षांत स्मार्टफोन घरातल्या प्रत्येक हातात आला, गटांची संख्या वाढली, राजकारणावरची चर्चा तर दिवसरात्र चालू राहिली. मतदान मात्र होते तिथेच घुटमळत राहिले.

याचे एक कारण आळस आहे, हे खरे. सुट्टी जोडून आली की लोणावळा-महाबळेश्वर गाठण्याची सवय आपल्याही घरात आहे. पण सगळा दोष आळसावर ढकलता येत नाही. १७ एप्रिल २०१४ रोजी पुण्यात हजारो माणसे रांगेत उभी राहिली आणि आपले नाव यादीत नाही हे त्यांना तिथे कळले. वर्षानुवर्षे त्याच पत्त्यावर राहून मत देणाऱ्यांचीही नावे गेली होती. लोक संतापले, फेसबुकवर लिहिले, निवेदने दिली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. परंतु त्या दिवसाचे मत गेले ते गेलेच.

सूनबाईंच्या बाबतीत हेच घडले. महापालिकेच्या या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची मतदार यादी आधार म्हणून घेतली होती. तीच यादी प्रभागनिहाय फोडून नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रारूप म्हणून प्रसिद्ध झाली आणि हरकतींसाठी मुदत मिळाली. म्हणजे सूनबाईंना मत देता येणार की नाही, हे जानेवारीत ठरलेच नाही. ते जुलैत ठरून गेले होते. त्या दिवशी कोणत्याही गटावर कोणाचाही संदेश आला नव्हता. पावसाळा होता, गाळ्यावर मालाची आवक होती आणि आम्ही सारे आपापल्या कामात होतो.

समाजमाध्यमांचा स्वभाव इथे दिसतो. जे घडत आहे, त्यावर ती क्षणात जागी होतात. जे शांतपणे, कागदावर, कार्यालयाच्या फलकावर घडते, तिथे त्यांचे लक्ष जात नाही. आणि नागरिकाचे बरेचसे हक्क नेमके अशाच शांत जागी राखले जातात किंवा गमावले जातात.

बोर्डिंगच्या जागेने शिकवलेला धडा

याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या समाजातलेच आहे. मॉडेल कॉलनीतील सेठ हिराचंद नेमचंद दिगंबर जैन बोर्डिंग अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. बाहेरगावाहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांना तिथे निवारा मिळाला आणि आवारातच भगवान महावीरांचे मंदिर असल्याने घरचे संस्कारही मिळाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये या जागेचा २३० कोटी रुपयांचा विक्रीव्यवहार गाजला. माजी विद्यार्थी, मुनिमहाराज, श्रावक-श्राविका पुढे आले. संदेश गावोगावी गेले. पुण्यात मोर्चा निघाला. समाजमाध्यमांवरून राजकीय आरोप-प्रत्यारोप झाले आणि वृत्तपत्रांची पहिली पाने त्यांनी भरली.

त्या आरोपांच्या खोलात शिरण्याची ही जागा नव्हे. शेवट कसा झाला, ते पाहावे. धर्मादाय आयुक्तांपुढे अर्ज झाले, सुनावणी झाली, आधी परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश निघाला. विकसकाने व्यवहारातून माघार घेत असल्याचे कळवले आणि महिनाअखेरीस व्यवहार रद्द झाला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. लढाईचा निकाल याच कलमाच्या चौकटीत, याच कार्यालयात लागला.

म्हणजे मोबाइलने समाज जागा केला आणि अर्जाने जागा वाचवली. दोन्ही हवे होते. केवळ अर्ज आला असता तर त्यामागे किती माणसे उभी आहेत हे दिसले नसते. केवळ मोर्चा आणि संदेश असते तर चार दिवसांनी दुसरा विषय आला असता.

पण या यशात एक टोचणी आहे. परवानगी तर व्यवहाराच्या कित्येक महिने आधीच मिळालेली होती. सार्वजनिक संस्थेच्या मालमत्तेचा विषय परवानगीसाठी जातो, तेव्हा त्याची प्रक्रिया असते, कागद असतात, हरकतीची संधी असते. तेव्हा आपण कुठे होतो? आपल्यातल्या कितीजणांनी आपल्या संस्थांचे वार्षिक अहवाल वाचले आहेत? वार्षिक सभेची सूचना आली की आपण ती गटावर पुढे पाठवतो आणि सभेला मात्र कोरम भरण्यासाठी अर्धा तास थांबावे लागते. समाजाची संस्था असो की शहराची महापालिका, आपली सवय एकच आहे.

ओळखीच्या चेहऱ्याची किंमत

मग समाजमाध्यमांचा काही उपयोगच नाही काय? आहे, आणि तो कसा होतो याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला आहे. २ नोव्हेंबर २०१० रोजी तिथल्या निवडणुकीच्या दिवशी फेसबुकने सहा कोटींहून अधिक लोकांना मतदानाची आठवण करून देणारा संदेश दाखवला. काहींना फक्त माहिती दिसली: आज मतदान आहे, केंद्र इथे आहे. इतरांना त्याच संदेशासोबत, ‘मी मत दिले’ असे कळवणाऱ्या त्यांच्याच काही मित्रांचे चेहरे दिसले. संशोधकांनी नंतर मतदानाच्या नोंदी तपासल्या. नुसती माहिती मिळालेल्यांच्या मतदानात फरक पडला नव्हता. मित्रांचे चेहरे पाहिलेल्यांचे मतदान थोडे, पण निश्चित वाढले होते. आणि त्याहून अधिक परिणाम त्यांच्या जवळच्या, प्रत्यक्ष ऊठबस असलेल्या मित्रांवर झाला होता. २०१२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाढलेली एकूण मते सुमारे तीन लाख चाळीस हजार निघाली आणि त्यातली बहुतेक अशा जवळच्या मित्रांची होती.

व्यापाऱ्याला यात नवल वाटू नये. जाहिरात कितीही करा, गिऱ्हाईक पहिल्यांदा पायरी चढते ते ओळखीच्या माणसाच्या शब्दावर. अनोळखी माणसाचे हजार संदेश जे करत नाहीत, ते घरातल्या एका माणसाचे “चल, मी येतो तुझ्याबरोबर” हे वाक्य करते. आमच्या मातोश्रींचे शाईचे बोट पाहून दोन आळशी नातू अंथरुणातून उठले, ते त्यामुळेच. आणि सूनबाईंचे नाव यादीत आहे का, असे ओळखीच्या एकानेही प्रत्यक्ष विचारले नाही, म्हणून ते राहून गेले.

पुण्याला हे शहाणपण फार पूर्वी होते. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा सभासद होण्यासाठी निदान पन्नास सज्ञान माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणावा लागे. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांच्या मागे अशा सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. मी बोलतो ते कोणाच्या वतीने, हे आधी सिद्ध करायचे आणि मग सरकारला अर्ज लिहायचा. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात या सभेने गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारपुढे पुराव्यासह ठेवली. आज व्हॉट्सॲपच्या एका गटात एक हजार चोवीस माणसे घेता येतात. त्यातल्या पन्नास माणसांच्या दारी जाऊन कागदावर सही घेण्याची तयारी आपल्यापैकी कितीजणांची आहे, एवढाच प्रश्न आहे.

पुढे पाठवण्यापूर्वी

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. राजकीय सहभागाच्या नावाखाली आपण जे पुढे पाठवतो, त्याचे पापपुण्य आपल्याच माथी येते. २ जून २०१४ रोजी पुण्यातल्या हडपसरमध्ये एका तरुण अभियंत्याचा जमावाने बळी घेतला. फेसबुकवर महापुरुषांची विटंबना करणारी चित्रे फिरली होती, त्यावरून शहर पेटले होते. त्या तरुणाचा त्या चित्रांशी काडीचा संबंध नव्हता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षुकी करणाऱ्या पाच निरपराध माणसांना ठार मारण्यात आले. देशभर अशा घटना घडल्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

यंत्राने ही मर्यादा घालावी लागली, हे आपल्याला तरी खटकायला हवे. आपल्याकडे भाषासमिती हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. हितकर, मोजके, संदेह नसलेले बोलावे, असा तो नियम आहे. बोलताना जो विवेक, तोच अंगठ्याने संदेश पुढे ढकलताना का नसावा? दर पर्युषणात क्षमापनेचे संदेश आपण शेकड्याने पाठवतो. वर्षभर ज्याच्या पक्षावर, जातीवर, धर्मावर न तपासलेले विनोद आणि आरोप पुढे पाठवले, त्यालाही ते संदेश जातात. दोन्ही एकाच बोटाने जातात, याचा एकदा शांतपणे विचार व्हावा.

अनेकांतवादाचे नाव आपण अभिमानाने घेतो. आपल्या गटावर मात्र एकाच बाजूचे संदेश येतात, कारण दुसऱ्या बाजूचा माणूस कधीच गट सोडून गेलेला असतो. लहान समाजाला हे परवडणारे नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या सव्वाअकरा कोटी लोकसंख्येत जैन सुमारे चौदा लाख होते, म्हणजे सव्वा टक्का. सव्वा टक्क्याच्या समाजाचे म्हणणे आवाज चढवून ऐकू जात नाही. ते कागदावर नीट मांडलेले असावे लागते, त्यामागे प्रत्यक्ष मतदान करणारी माणसे असावी लागतात आणि शेजारच्या समाजाशी बोलण्याची वाट उघडी असावी लागते.

घरातली वहीखाती

त्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो, तेव्हा मी सूनबाईंची माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पप्पाजी, चूक माझीही आहे. मी सगळ्यांच्या याद्या केल्या, माझीच पाहिली नाही.” मग त्यांनीच एक कोरी वही काढली. त्यात घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचे नाव, मतदारसंघ, यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहिला. एका रात्रीत तीन उणिवा सापडल्या. सूनबाईंचे नाव माहेरी होते. मोठ्या नातवाला अठरा वर्षे होऊन सात महिने झाले होते आणि त्याचे नाव कुठेच नव्हते. आणि सहा वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या थोरल्या बंधूंचे नाव अजून यादीत होते.

तिन्हींसाठी वेगवेगळे अर्ज आहेत आणि ते वाचकांच्याही उपयोगी पडतील. नवीन नावासाठी नमुना ६ भरायचा. मृत किंवा कायमचे स्थलांतरित झालेल्या व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी नमुना ७. पत्ता बदलला असेल, मग तो त्याच मतदारसंघात असो वा दुसऱ्या शहरातून, तसेच नावात वा वयात दुरुस्ती असेल, तर नमुना ८. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून आणि ॲपवरून हे अर्ज घरबसल्या भरता येतात. पूर्वी नव्या मतदाराला १ जानेवारीचीच वाट पाहावी लागे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षात चार पात्रता तारखा आहेत. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलालाही आगाऊ अर्ज करता येतो. लग्न होऊन आलेल्या सुना आणि शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेली मुले, या दोन जागी बहुतेक घरांत गळती असते.

आम्ही आता एक नेम केला आहे. वर्षातून चारदा, या चार तारखांच्या आधी, ती वही उघडायची. जसा साठा मोजतो, उधारीची यादी पाहतो, तशी घरातली नावे तपासायची. प्रभागातल्या एखाद्या विषयावर हरकती-सूचना मागवल्या असतील, तर त्यावर घरातल्या एकाने तरी लेखी हरकत द्यायची आणि पोच घेऊन ती वहीत चिकटवायची. आपल्या ज्या संस्थेचे आपण सभासद आहोत, तिच्या वार्षिक सभेला एकाने तरी जायचे. गटावर फक्त एवढेच लिहायचे: आज कोण कुठे गेले आणि काय झाले.

गेल्या पंधरवड्यात सूनबाईंचा अर्ज मंजूर झाल्याचा संदेश आला. त्यांनी तो कुटुंबाच्या गटावर टाकला. खाली अंगठे उमटायच्या आत त्यांनी दुसरा संदेश लिहिला. त्यात गटावरच्या सोळा सुनांची नावे होती आणि एकच प्रश्न होता: तुमचे नाव कुठल्या यादीत आहे? रात्रीपर्यंत अकराजणींनी शोधून उत्तर दिले. त्यांतल्या सहाजणींची नावे अजून माहेरी होती. उरलेल्या पाचजणींना सूनबाई दुसऱ्या दिवशी एकेक करून फोन करत बसल्या होत्या.